पाखरीची नळी

पाखरीच्या पायातला दोरा घट्ट झाला त्या सकाळी माझ्या सासऱ्यांनी आळीत साखर वाटली. "सूनबाई, तुझ्या माहेरच्या घोडीनं नाव काढलं," म्हणाले, आणि माझ्याही हातावर चिमूटभर ठेवली. ती मी तशीच मुठीत धरून गोठ्यात गेले आणि पाखरीला चाटवली. तिला काय, साखर म्हणजे साखर.

हा दोरा काय प्रकार आहे ते आधी सांगते, नाहीतर माझ्या संतापाचा पत्ता लागायचा नाही. आमचं गाव चाकणपासून थोडं आत, भामा नदीच्या अंगाला. चैत्रात यात्रा भरते आणि घाटावर गाडे पळतात. घाट म्हणजे गाडे पळवायची चढाची आखलेली वाट. गाड्याला चार बैल, आणि त्यांच्या पुढे पाठीवर स्वार घेऊन घोडी. घोडी जशी पळेल तसे बैल तिच्या मागे सुटतात. ज्याच्या घरी घाटाची घोडी त्याचा गावात मान. शिंगरू घरी आलं की खंडोबाच्या देवळातला गुरव त्याच्या पुढच्या पायात, गुडघ्याखाली, काळ्या लोकरीचा दोरा बांधतो. करंगळी आत जाईल इतका सैल. शिंगरू वाढतं, त्याची नळी, म्हणजे गुडघ्याखालचं ते उभं हाड, भरत जातं आणि दोरा घट्ट होतो. दोरा घट्ट झाला की हाड तयार झालं, आता घोडी घाटावर घाला. जुन्या माणसांनी हे शिंगरांसाठी ठरवलं होतं आणि शिंगरांपुरतं ते बरोबरच होतं.

पाखरी शिंगरू नव्हती. माझ्या लग्नात ती माझ्याबरोबर आली तेव्हाच तिची सगळी वाढ झालेली होती. लोक मुलीला आंदण म्हणून गाय देतात. माझे वडील सोपानराव देहूरोड स्टेशनवर टांगा चालवायचे, देहूला जाणाऱ्या माणसांची ने-आण करायचे. त्यांच्याकडे गाय नव्हती, घोडी होती. ती त्यांनी दिली. सासरच्या मंडळींनी तिच्याही पायात दोरा बांधला, कारण घरात घोडं आलं की दोरा बांधायचा असतो. तिचं वय कोणी विचारलं नाही.

घोडं विकत घ्यायला गेले की माझे आबा आधी डोळे मिटायचे. व्यापारी हसायचे. आबा डोळे मिटून घोड्याजवळ उकिडवे बसायचे आणि गुडघ्याखाली नळीला मूठ घालायचे. मुठीत हाड किती भरतंय ते बघायचे, मग उठून पाठीवरून, पुठ्ठ्यावरून हात फिरवायचे आणि त्यानंतरच डोळे उघडायचे. म्हणायचे, "कुशे, अंग डोळ्याला फसवतं. खायला घातलं की अंग वाढतं. हाड वाढत न्हाई. ज्या हाडावर जेवढं अंग देवानं ठेवलं तेवढंच ऱ्हाऊ द्यावं." नळी जाड असली म्हणजे घोडं चांगलं, असं ते कधीच म्हणाले नाहीत. पाखरीची नळी बारीकच होती, पण तिचं अंगही तसंच हलकं होतं. दोन्ही एकमेकांना शोभत होतं. म्हणून ती पळायची.

आधीच्या वर्षी घाटावर आमचा गाडा मागे पडला. त्यात पाखरीचा काही दोष नव्हता, बैलच नवे होते. पण गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "धर्माजीनं शेळी पळवली रे!" आणि माझ्या सासऱ्यांच्या ते जिव्हारी लागलं. धर्माजी म्हणजे साधा माणूस नव्हे, अख्ख्या गावाच्या पंक्तीत पहिलं पान त्यांचं. घरी येऊन त्यांनी फेटा खुंटीला टांगला आणि जाहीर केलं की पुढच्या यात्रेला घोडी हत्तीसारखी दिसली पाहिजे.

मग सुरू झालं खाणं. भिजवलेला हरभरा, गूळ, तूप, बाजरीचे गोळे. घरातल्या बाळंतिणीला कधी एवढं मिळालं नव्हतं. आणि काम सगळं बंद. रानात न्यायची नाही, पाण्यावरसुद्धा नाही, पाणीच बादलीनं तिच्यापुढे. संक्रांतीपासून ती खुंट्याला बांधून होती. चैत्र लागेपर्यंत तिच्या पाठीच्या मधोमध पन्हाळ पडली, दोन्ही बाजूंना चरबीच चरबी. येईल तो माणूस पुठ्ठ्यावर थाप मारून म्हणायचा, "वा!" मला प्रत्येक थापेला तिडीक यायची.

आणि त्यात तो दोरा घट्ट झाला.

साखर चाटवून झाल्यावर मी खाली बसले आणि नळीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तर तिथे खळगा. हाडाला कधी खळगा पडतो? दिवसरात्र उभं राहून पाय सुजले होते, दुसरं काही नाही. दोरा हाडानं नाही, सुजेनं घट्ट केला होता. हाड होतं तेवढंच होतं आणि त्याच्यावर आता दीडपट घोडी उभी होती. त्यावर माझा नवरा बसणार होता. पाठीमागून चार बैल आणि गाडा येणार होता.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते, नाहीतर गोष्ट सांगायची कशी? बन्सी त्याचं नाव. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना नुकता सुरू झाला होता, त्याच्या जोडीचे गडी तिकडे भरती होत होते, पण ह्याला घाटापुढे काही दिसत नव्हतं. मी त्याला हाताला धरून गोठ्यात आणलं आणि खळगा दाखवला.

"सूज हाय ही," मी म्हणाले. "पळता पळता नळी मोडली तर तुमी बैलांच्या पायाखाली जाल."

त्यानं खळगा बघितला. मग म्हणाला, "बाबांना कोन सांगनार?"

"तुमी सांगा."

"तू सांग. घोडी तुझ्या म्हायेरची हाय."

असा माझा नवरा. घाटावर मरणाला न भिणारा आणि घरात बापाच्या खोकल्याला भिणारा.

दुसऱ्या दिवशी नाल मारायला चाकणहून बरकतचाचा आले. पंचक्रोशीतल्या सगळ्या घोड्यांचे पाय त्यांच्या मांडीवर येऊन गेलेले. मला वाटलं, चला, आता एक माणूस मिळाला. पाय मांडीवर घेताक्षणी त्यांचा हात थांबला. त्यांनी नळीवरून बोटं फिरवली, अंगठा दाबला, आणि वर माझ्याकडे बघितलं.

"चाचा, काय वाटतं?" मी विचारलं.

"पानी भरलंय, पोरी," ते हळूच म्हणाले. "आन् घोडी लई जड झालीया. हिला यंदा पळवू नगा."

तेवढ्यात सासरे आले. "काय बरकत, नळी कशी हाय आमची?"

"झकास हाय, मालक," बरकतचाचा म्हणाले, आणि मान खाली घालून नाल ठोकू लागले.

मी तिथेच होते! सासरे पुढे गेल्यावर मी म्हणाले, "चाचा, वाईच लाज वाटू द्या."

"वाटतीया," ते म्हणाले. "पन तुझं हे घर हाय, पोरी. मी बाहेरचा. उद्या त्यांनी मला गावात येऊ नको म्हनलं तर मी कुनाच्या दारात बसू?" त्यांचं काही खोटं नव्हतं. पण तेव्हा मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

यात्रेच्या आदल्या सकाळी घोडीला देवळापुढे मिरवायला नेलं. गळ्यात घुंगुरमाळ, अंगावर झूल, कपाळाला भंडारा. पारावर सगळी जाणती माणसं बसलेली. एकेक जण वाकून दोऱ्यात करंगळी घालायचा प्रयत्न करत होता आणि करंगळी जात नव्हती म्हणून मिशीला पीळ देत होता. मी डोक्यावरचा पदर नीट केला, गर्दीतून पुढे गेले आणि बन्सीच्या हातातला लगाम घेतला.

"काय गं?" सासरे म्हणाले.

"मामंजी, घोडीला नदीवर फिरवून आनते. मग सगळ्यांनी पुन्यांदा दोरा बघावा. तेवढंच मागनं हाय."

सून अशी पारासमोर तोंड उघडून बोलते म्हटल्यावर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सासऱ्यांना नाही म्हणता येईना, हो म्हणता येईना. त्यांचं ठरेपर्यंत मी निघाले होते. पाखरीला मी नदीपर्यंत चालवत नेलं, गुडघाभर गार पाण्यात चांगली उभी केली, काठाकाठानं हिंडवलं आणि परत आणलं. बांधून ठेवलेल्या घोड्याची सूज चालल्यावर उतरते, हे टांगेवाल्याच्या घरात पाळण्यातलं पोरही सांगेल. पारापाशी येईतो दोरा नळीवरून घसरला आणि खाली खुराच्या सांध्यावर जाऊन बसला.

"बघा," मी म्हणाले. "हे तिचं हाड. गेल्या साली होतं तेवढंच. बाकीचं पानी होतं."

मला वाटलं होतं, आता तरी कोणी वाकून बघेल. आता तरी कोणीतरी म्हणेल, अरे, बाई खरं बोलते. मी किती भाबडी होते याचं आज मला हसू येतं. एका म्हाताऱ्यानं दोन्ही हात कानाला लावले आणि तो ओरडला, "देवाचा दोरा उतरला!"

झालं. एकच गलका. यात्रेच्या तोंडावर देवाचा दोरा उतरला, बाईनं उतरवला, बाईचा हात लागला. हाडाचं कोणी नावही काढलं नाही. गुरवाला बोलावणं गेलं. गुरव धापा टाकत आला, त्यानं नवा दोरा काढला, मंत्र पुटपुटला आणि माझ्या डोळ्यांदेखत, उतरलेल्या नळीवर, दोन वेढे देऊन, करकचून बांधला. सासऱ्यांनी करंगळी घालून बघितली. गेली नाही. "हं, आता झाला घट्ट," ते म्हणाले, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मला हसावं की रडावं कळेना. शेवटी मला रागच आला, आणि तो बरा. हसण्यानं किंवा रडण्यानं माझे पाय पुढे चालले नसते.

घरी आल्यावर सासऱ्यांनी मला ओसरीवर उभं केलं. सासूबाई, ठकुबाई त्यांचं नाव, दाराआडून बघत होत्या. बन्सी खांबाला टेकून उभा.

"गावापुढं माझी अब्रू घालवलीस," सासरे म्हणाले.

"मामंजी, घोडी पळवू नगा."

"पळनार."

"न्हाई पळनार. ती माझ्या आंदनाची हाय."

हा शब्द त्या घरात तोवर कोणी उच्चारला नव्हता. सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या, त्यांनी तोंडावर हात नेला असावा.

सासरे जरा नरमले. आवाज चढवला नाही त्यांनी, आणि तेच जास्त वाईट होतं. "सूनबाई, मी बी घोडी पाळल्यात. समज, ती पळाली आन् काईच झालं न्हाई. मग?"

"मग मी खोटी ठरंन," मी म्हणाले. "आनंदानं ठरंन. पन माझं खरं का तुमचं खरं, ही पैज माझ्या घोडीच्या पायावर लावायची न्हाई. आन् माझ्या कुकवावर तर न्हाईच न्हाई."

"उद्या घोडी घाटावर नसली तर तू बी या घरात नसशील. या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं तर आधी चुकलं म्हनायचं."

मी बन्सीकडे बघितलं. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. त्या घटकेला मला तो परका वाटला. कोणाच्या जिवासाठी मी घसा फोडत होते?

मी चोरून गेले नाही, हे मुद्दाम सांगते, कारण गावात अजून म्हणतात की धर्माजीची सून घोडी घेऊन पळाली. पळाले नाही, चालत गेले. यात्रेच्या सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर, हलग्या वाजायला लागल्यावर, मी पाखरीच्या गळ्यातली घुंगुरमाळ काढून सासूबाईंच्या हातात दिली. झूल घडी करून ओसरीवर ठेवली. ती सासरची होती. घोडी तेवढी माझी होती. पायातला तो करकचलेला दोरा मी विळ्यानं कापला आणि तुळशीपाशी ठेवला. मग लगाम धरून भर यात्रेतून निघाले. रेवड्यांची दुकानं, पाळणे, गुलाल, माणूसच माणूस. लोक बाजूला होत होते. कोणी म्हणालं, "लाज सोडली." कोणी म्हणालं, "बन्सी, बायकू चालली की रं!" आणि हशा पिकला. सासरे घाटाच्या कडेला बैलांपाशी उभे होते. त्यांनी मला बघितलं आणि पाठ फिरवली. हात कोणीच धरला नाही. आंदण या शब्दाला गावातला एकही पुरुष हात लावायला तयार नव्हता, एवढं मात्र मला त्या दिवशी कळलं.

चाकणच्या बाजारात कांद्याचे ढीग लागले होते, त्यांच्यामधून वाट काढत गेले. पाखरी धापा टाकत होती. नुसत्या चालण्यानं! मी जागोजागी थांबत गेले. देहूला इंद्रायणीवर तिला पाणी पाजलं आणि दिवस मावळायच्या आत आबांच्या दारात उभी राहिले.

आबा पुढे आले. डोळे मिटले, खाली बसले, नळीला मूठ घातली. मग पाठीवरून हात फिरवला. डोळे उघडून म्हणाले, "काय करून ठेवलंय हे!" आणि थोड्या वेळानं, कारण माझे आबा खोटं बोलू शकत नव्हते, म्हणाले, "पन कुशे, सांगता येत न्हाई. कदाचित पळाली बी असती."

"ठावं हाय मला," मी म्हणाले, आणि मग मात्र मला रडू आलं. एवढं करून मी बरोबर होते की नाही हे मला कधीच कळणार नव्हतं. मोडलेलं हाड सगळ्यांना दिसतं. न मोडलेलं कोणाला दाखवायचं?

पुढच्या आठवड्यात स्टेशनवरच्या एका पाहुण्याकडून बातमी आली. सासऱ्यांनी ऐन वेळी शेजारच्या गावची घोडी आणली, बन्सीच तिच्यावर बसला आणि आमचा गाडा पहिला आला. फेटे उडाले. म्हणजे मी जाऊन त्यांचं काहीच अडलं नाही. ऐकून मला बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं, आणि वाईट वाटल्याचा पुन्हा राग आला.

मी पाखरीचं खाणं तोडलं. कडबा आणि मूठभर हरभरा. रोज सकाळी तिला टांग्याच्या मागे मोकळी चालवायची. वैशाख संपत आला तेव्हा तिच्या पाठीची पन्हाळ मोडली आणि ती पुन्हा पहिल्यासारखी दिसायला लागली, हलकी.

तेव्हा बन्सी आला. दारात उभा राहून टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

"बाबा म्हनत्यात, चुकलं म्हन आन् घरी ये."

"न्हाई म्हननार."

"नुसतं तोंडानं म्हनायचं, कुशे. मनातनं नगं."

"तोंड बी माझंच हाय."

मी आत जाऊन त्याला पाणी आणून दिलं, कारण नवरा होता आणि उन्हातून आला होता. पाणी पिऊन तो पाखरीजवळ गेला. किती तरी वेळ तिथेच होता. काय करत होता ते मी बघितलं नाही, मी चुलीपाशी होते. परत आला आणि म्हणाला, "बांध गाठोडं. न म्हनताच चल. बघू काय हुतंय ते."

आम्ही निघालो. आबांना वाटलं तो घोडीवर बसेल. मलाही वाटलं. स्वार माणूस, बाजूला घोडी मोकळी, ऊन रणरणतं. तो बसला नाही. गाठोडंसुद्धा त्यानं तिच्या पाठीवर टाकलं नाही, स्वतःच्या खांद्यावर घेतलं. चाकण ओलांडेतो त्याच्या एका वहाणेचा अंगठा तुटला, तेव्हा त्यानं दोन्ही वहाणा काढून हातात घेतल्या आणि तसाच चालत राहिला.

घरी पोचलो तेव्हा सासरे ओसरीवर सुतळी वळत बसले होते. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली, असला तमाशा कोण सोडतो? सासूबाई दारात.

"चुकलं म्हनली का?" सासऱ्यांनी बन्सीला विचारलं. माझ्याशी ते बोलतच नव्हते.

"न्हाई."

"मग कशाला आनलीस?" त्यांनी सुतळी बाजूला ठेवली. "आपला गाडा पयला आला. ही घोडी बी पळाली असती. काई झालं नसतं हिच्या पायाला."

"पळाली असती, मामंजी," मी म्हणाले. "आन् फुडल्या साली तिला अशीच फुगवलीत तर मी पुन्यांदा घेऊन जाईन."

सासरे ताडकन उठले. मला वाटलं, आता हात उचलतात. मी डोळे खाली घातले नाहीत. पण त्यांची नजर माझ्यावर नव्हती. ती बन्सीच्या पायांवर गेली होती. पाय धुळीनं माखलेले, टाचेला रक्त.

"चालत आलास?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"देहूरोडपासनं? संगं घोडी असताना?"

बन्सी बापाच्या डोळ्यांना डोळा देऊन उभा होता. मी त्याला तसं उभं राहिलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सगळी आळी ऐकत होती.

"तिची नळी बारीक हाय, बाबा," तो म्हणाला.

सासऱ्यांनी सुतळी पुन्हा हातात घेतली. मी लगाम धरला, त्यांच्या समोरून पाखरीला गोठ्यात नेलं, आणि मग उंबरा ओलांडून घरात गेले.